गोळ्याला लावलेलं कुंकू

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढं हात जोडले की दरवेळी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, वाटेत भेटलात तरी तुम्हाला कळणार नाही की ती हीच — म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. बघते.

मला बोलायची सवय नाही. चार माणसं जमली की माझा आवाज घशातच राहतो. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही बाईंनी नाव विचारलं की मी पाटीकडं बघायची. हा माझा स्वभाव आहे, एवढंच सांगते. त्याच्याआड लपायचं नाही असं ठरवून बसले आहे.

वरवंडला हायवेपासून थोडं आत एका शिक्षण संस्थेनं विज्ञानाचं संग्रहालय काढलं होतं. गावात नुकते एसटीडीचे बूथ लागत होते, त्या वेळची गोष्ट. एकच मोठा हॉल. सायकल मारली की दिवा लागायचा, वाकड्या आरशात माणूस जाडा आणि बुटका दिसायचा, एका डब्यात बोललं की लांबच्या दुसऱ्या डब्यात ऐकू यायचं. इतर ठिकाणी वस्तूंना हात लावू देत नाहीत, इथं उलट — प्रत्येक टेबलावर ‘हात लावून बघा’ अशी पाटी. शाळांच्या सहली यायच्या. दौंडकडच्या, शिरूरकडच्या. मी तिथं झाडलोट करायची, पाणी भरायची, पोरांच्या चपला रांगेत लावायची. सगळे मला मावशी म्हणत.

प्रयोग दाखवायच्या त्या नंदाताई. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मी त्यांना ताईच म्हणायची. कवठे येमाईच्या. त्यांचे वडील तरुणपणी मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेले, नंतर कवठ्यात रान करून राहिले. त्यांच्या घरात एवढी शिकलेली ही पहिलीच. आणि बोलायच्या कशा! पोरं खिळून बसायची. मी दारात झाडू धरून उभी राहायची, तेच तेच प्रयोग बघायची, आणि दरवेळी नव्यानं हसायची. ताई कधी कधी म्हणायच्या, ‘‘मावशी, या पुढं, आज तुम्ही दाखवा.’’ मी पदर तोंडावर घेऊन मागं सरकायची.

सगळ्यांत शेवटी गोळ्याचा प्रयोग. छताच्या हुकातून एक दोरी खाली सोडलेली, तिला लोखंडी गोळा. मैदानात फेकतात तसला, वर कडी जोडलेली. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर लोंबकळायचा. ताई एका मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करायच्या, गोळा ओढत त्याच्या नाकापर्यंत न्यायच्या आणि सोडून द्यायच्या. गोळा पार पलीकडं जायचा आणि परत सरळ त्या मुलाच्या तोंडावर यायचा. सगळा हॉल किंचाळायचा. आणि गोळा नाकापासून बोटभर अलीकडं थांबून मागं फिरायचा. मुलानं फक्त हलायचं नाही, एवढंच. ताई सांगायच्या — जिथून सोडला त्याच्या पुढं गोळा येऊच शकत नाही.

रोज सकाळी ताई दोरी धरून स्वतः त्या गोळ्यावर चढून लोंबकळून बघायच्या. दोन्ही पाय उचलून. मी हसले की म्हणायच्या, ‘‘मी पडले तरी चालंल मावशी, गोळा पडला न्हाई पायजे.’’

आता खंडेनवमीचं सांगायला हवं.

तुमच्या घरीही करत असतील. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विळा, कोयता, पाटा-वरवंटा, शिलाईचं मशीन, ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते सगळं धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. आमच्याकडं ट्रॅक्टरपासून सुईपर्यंत काही सुटत नाही. मग त्या हॉलमधल्या वस्तू? माझं पोट तर त्यांच्यावरच होतं. ताई सणाला कवठ्याला निघाल्या, तेव्हा मी जीव गोळा करून त्यांना विचारलं, खंडेनवमीला हितं थोडं हळदकुंकू लावू का?

ताई हसल्या. रागावल्या नाहीत. ‘‘मावशी, तुमच्या घरच्या विळ्याला लावा की. पण ह्या गोळ्याला कुंकू लागलं, तर पोरं म्हणतील — देवीनं नाक वाचवलं! मग मी घसा कशाला फोडते?’’

मीही हसले. पण मनात रुतून बसलं. सगळ्या जगातल्या वस्तूंना त्या दिवशी मान, आणि याच उपाशी? हॉलला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडं होती. दुपारी मी ताट घेऊन गेले. सायकलीला, आरशांना, डब्यांना बोट-बोट लावून लगेच पुसून काढलं. राहिला गोळा. तो लोंबकळत होता, हात लावला की फिरायचा. टांगलेल्या वस्तूची पूजा कशी करायची? आणि शेकडो पोरांचे हात लागून तो चिकट, काळा झालेला. मी कडीची गाठ सोडली. फार घट्ट होती, नखं दुखली. ताईंनी ती कशी मारली आहे ते मी नीट बघितलंसुद्धा नाही. गोळा पाटावर घेतला, धुतला, गंजू नये म्हणून विळ्याला लावतो तसा तेलाचा हात फिरवला. हळदकुंकू वाहिलं. फूल ठेवलं. फार बरं वाटलं, खरं सांगते. त्या रिकाम्या हॉलमध्ये मी एकटीच, आणि कधी नव्हे ते ‘हात लावून बघा’ ही पाटी मलासुद्धा लागू झाल्यासारखी.

मग सगळं पुसलं आणि गोळा परत बांधला. आम्ही बादलीला, शेळीच्या दाव्याला मारतो ती गाठ मारली. काथ्याच्या दोरीत ती गाठ कुजेपर्यंत हलत नाही. ही दोरी नायलॉनची होती — गुळगुळीत — आणि माझे हात तेलाचे. गाठीच्या खाली दोरीचं बोटभर टोक मी शिल्लक ठेवलं. एकदा ओढून बघितलं. गोळा लोंबकळत राहिला. मी ताट उचललं आणि घरी गेले.

इथपर्यंत जे केलं, त्याला तुम्ही अडाणीपणा म्हणाल. मीही म्हणते. तेवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. नाही का?

दसरा झाल्यावर पहिलीच सहल शिरूरच्या बाजूची होती. ताई त्याच सकाळी कवठ्याहून येणार होत्या — शिरूर, न्हावरा, चौफुला करत. एसटीला उशीर झाला. पोरं आधी येऊन बसली, त्यांचे सर घड्याळ बघत होते. ताई धावतच आत आल्या, पिशवी माझ्या हातात दिली. त्यांची नजर दोरीकडं गेली. रोजच्यासारखं लोंबकळून बघायला हवं, हे त्यांच्या मनात आलं असणार. पण समोर हॉल भरून पोरं, त्यात सर म्हणाले, ‘‘मॅडम, आम्हाला पुढं भुलेश्वर पण करायचंय.’’

ताईंनी मला हळूच विचारलं, ‘‘मावशी, सगळं जसंच्या तसं हाय ना? सुट्टीत कुणी हात न्हाई ना लावला?’’

मी म्हणाले, ‘‘न्हाई.’’

का म्हणाले? त्या रागावल्या नसत्या, हे मला माहीत होतं. फार तर हसल्या असत्या. पण त्या पोरांसमोर, त्या सरांसमोर हसल्या असत्या — आणि सगळी तोंडं माझ्याकडं वळली असती. तेवढ्यासाठी. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

सगळे प्रयोग झाले. शेवटी गोळा आला. ताई पोरांना म्हणाल्या, ‘‘नाक सगळ्यात लांब कुणाचं हाय?’’ पोरं ओरडली, ‘‘आमच्या सरांचं!’’ सरसुद्धा हसले. मग पोरींनी एकीला ढकलून पुढं काढलं, ‘‘ताई, हिचं! रेश्मीचं! हिचं नाक आधी वर्गात येतं, मग ही येती!’’ पाचवीतली असेल. लाजत, हसत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला ती आवडली. मीसुद्धा त्या वयात अशीच होते, फक्त मला कुणी ढकलूनही पुढं काढलं नव्हतं.

ताईंनी तिचे खांदे भिंतीला टेकवले. म्हणाल्या, ‘‘हलायचं न्हाई हां, रेश्मा. काय पण झालं तरी. माझ्यावर विश्वास ठेवू नको, गोळ्यावर ठेव.’’

त्या गोळा ओढत ओढत दारापाशीच आल्या, कारण ती भिंत दाराला लागून होती. गोळा माझ्यापासून दोन हातांवर होता. आणि मी गाठ बघितली.

बोटभर ठेवलेलं टोक आता नखाएवढं राहिलं होतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कळलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईला दोरीतलं काय कळणार? पण जन्मभर विहिरीचं पाणी ओढलेल्या बाईला सरकणारी गाठ कळत नाही, असं कुठं असतं? मला कळलं. चांगलं कळलं. माझं तोंडही उघडलं. ‘ताई’ एवढं एकच म्हणायचं होतं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, सगळी पोरं श्वास धरून बसलेली — त्या शांततेत माझा आवाज निघाला असता, तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. मी थांबले. मला वाटलं, एवढी एक फेरी निघून जाईल. मग ताईंना बाजूला घेऊन सांगीन.

ताईंनी गोळा सोडला.

गोळा पलीकडं गेला. पोरं किंचाळली, नेहमीसारखीच, आनंदानं. गोळा परत फिरला. खाली आला तेव्हा दोरीला एक हिसका बसलेला मी बघितला. मग दोरी एकटीच वर गेली, हलकी, आणि गोळा जमिनीवर आपटून तसाच पुढं गेला. रेश्माला तो दिसत होता. तिच्याकडं वेळ होता, पाय नुसता उचलला असता तरी चाललं असतं. पण तिला सांगितलं होतं, काय पण झालं तरी हलायचं नाही. ती हलली नाही.

तिचा आवाज कसा होता ते मी सांगणार नाही.

ताई तिच्यापाशी धावल्या, सर धावले, कुणी पाणी, कुणी जीप म्हणून ओरडत होतं. गोळा घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. कडीच्या कोपऱ्यात, जिथं फडकं पोचलं नव्हतं, तिथं कुंकवाचा लाल ठिपका होता. मी खाली बसले आणि पदरानं तो पुसला. नीट, कोपऱ्यात बोट घालून. पोरगी रडत होती आणि मी गोळा पुसत होते. एका पोरानं बघितलं, त्याला वाटलं मावशी रक्त पुसतेय.

तिच्या पायाची हाडं मोडली होती. दौंडला नेलं, मग पुण्याला. पुष्कळ दिवस प्लॅस्टर होतं. नंतर ती चालायला लागली, पण तो पाय थोडा बाहेर टाकून चालते असं त्यांच्या सरांनी पुढच्या सहलीला आले तेव्हा सांगितलं. सर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होते, मी चहा देत होते.

संस्थेनं बैठक बोलावली. तिघे जण होते, मधे ज्यांना सगळे आप्पा म्हणत ते. मलाही बोलावलं. ताई एका कडेला उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, ‘गाठ माझीच, रोज बघते, त्या दिवशी बघितली नाही, चूक माझी.’ आप्पांनी मला विचारलं, ‘‘मावशी, घाबरू नका. दोरीला हात कोण लावतं?’’

मी जमिनीकडं बघत म्हणाले, ‘‘ताईच.’’

‘‘तुम्ही न्हाई?’’

‘‘म्या फकस्त झाडते.’’

दुसरा एक जण म्हणाला, ‘‘मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीच्या हातात यंत्रं दिल्यावर दुसरं काय होणार?’’ ताईंनी एकदा वर बघितलं आणि परत मान खाली घातली. मग आप्पा म्हणाले, ‘‘आन् खंडेनवमीला हितं पूजा करू देत न्हाई ही. फार शहाणपण! शेवटी व्हायचं तेच झालं.’’ बाकीच्या दोघांनी माना हलवल्या.

तुम्ही बघा, कसं होतं ते. पूजा झाली नाही म्हणून गोळा पडला, असं तीन मोठी माणसं म्हणत होती. आणि ती पूजा जिनं केली ती तिथंच उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. एवढं बोलले असते की ‘आप्पा, पूजा झाली होती’ — तर त्यांचं म्हणणंही खोटं पडलं असतं आणि ताईंचीही सुटका झाली असती. एक वाक्य. मी ते बोलले नाही.

ताईंना काढलं. निघताना त्या माझ्यापाशी आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘मावशी, माझ्यामुळं तुम्हाला उगं त्या माणसांपुढं उभं राहावं लागलं.’’ मी रडले. त्यांना वाटलं त्यांच्यासाठी रडतेय.

त्यानंतर दर खंडेनवमीला त्या हॉलमध्ये नारळ फुटायचा. आप्पा स्वतः यायचे. गोळा आता चौथऱ्यावर ठेवलेला, साखळीनं बांधून, कुणी हलवायचा नाही. त्याला कुंकू लावायचं काम माझ्याकडं आलं, कारण बाईमाणूस मीच. मी लावायची. शाळेची पोरं विचारायची, मावशी, हा कुठला देव?

इथं थांबता आलं असतं. पण मी जे सांगायला बसले, ते अजून पुढंच आहे.

पुष्कळ वर्षांनी मी शिरूरच्या एसटी स्टँडवर होते, लेकीकडं शिक्रापूरला निघालेले. ‘‘मावशी!’’ अशी हाक आली. आवाज लगेच ओळखला, पण चेहरा ओळखायला वेळ लागला. ताई वाळल्या होत्या. कडेवर मूल होतं. मला वाकून नमस्कार करायला लागल्या, मी मागं सरकले. त्यांनी बळंच बाकावर बसवलं, लेकीची चौकशी केली. मी विचारलं, आता काय करता? म्हणाल्या, घरीच असते. एका शाळेनं बोलावलं होतं शिकवायला, गेले नाही.

‘‘का वो ताई?’’

‘‘पोरांना पुढं ये म्हणायचं धाडस व्हत न्हाई मावशी. कुणाला काय सांगितलं, की आधी तीच दिसती. मी सांगितलं म्हणून उभी ऱ्हायली ती.’’ मग हसल्यासारखं करून म्हणाल्या, ‘‘येडेपणा बघा माझा, ह्याचा पाळणासुद्धा मी बांधला न्हाई. सासूबाईंकडनं बांधून घेतला. माझ्या हाताच्या गाठीवर माझाच भरवसा न्हाई.’’

मूल माझ्या बांगड्यांशी खेळत होतं. ताईंनी त्याची मूठ सोडवली. मग त्यांनी जे विचारलं, ते किती वर्षं मनात धरून ठेवलं असेल कोण जाणे.

‘‘मावशी, तुम्ही रोज दारात असायचा. तुम्ही बघितलंय मी गाठ कशी मारायची. मला आजपण वाटतं, ती सुटणारी गाठ नव्हती. सुट्टीला जाताना मी नीट बघितली होती, एवढं मला पक्कं आठवतं. का मलाच तसं वाटतंय? माझीच सैल ऱ्हायली असंल का?’’

तिथं आप्पा नव्हते. सर नव्हते, पोरं नव्हती. नोकरी मी केव्हाच सोडलेली. आमच्याकडं कुणीही बघत नव्हतं. त्या बाकावर आम्ही दोघीच होतो, आणि त्यांनी अगदी हळू, जवळ येऊन विचारलं होतं. लाजायला तिथं काहीसुद्धा नव्हतं.

मी म्हणाले, ‘‘असंल.’’

ताईंनी मान डोलावली. एकदा, मग परत एकदा. मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, म्हणाल्या, ‘‘व्हय, तसंच असंल,’’ आणि त्यांची गाडी लागली होती तिकडं गेल्या.